डाव्या वळणाचं भूत

गाडी किंचाळली आणि टॅक्सी स्टँडवर जमलेल्या शे-दीडशे माणसांनी एकदम श्वास रोखला.

"ऐकलंत?" महाराज गरजले. "हा लोखंडाचा आवाज नाही! हा आतड्यांचा आवाज आहे!"

मी समोरच्याच गॅरेजचा मिस्त्री. वीस वर्षं लोखंडाचेच आवाज ऐकतोय. आतड्यांचा आवाज मला फक्त जेवायला उशीर झाला की ऐकू येतो. पण त्या दिवशी माझं कोण ऐकणार?

गाडीचा मालक तीन महिन्यांपूर्वी छातीत कळ येऊन गेला. त्याच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. तिने रडणं आवरलं आणि ती स्वतःच टॅक्सी चालवायला लागली. तिच्या दिराला, धाकट्याला, ते सहन होईना. दादामागे गाडी आपलीच, असं तो धरून बसला होता. त्यातच गाडी वळताना घरघर करायला लागली. धाकट्याने महाराजांना आणलं आणि महाराजांनी निदान केलं: बायकोनेच करणी करून नवऱ्याला मारलं, आता त्याचा आत्मा चाकात अडकलाय आणि ती गाडीत बसली की तो रडतो.

पुरावाही तयार होता. स्टँडच्या मधोमध पाण्याची टाकी आहे. धाकटा स्टीअरिंगवर, वहिनी शेजारी, टाकीभोवती फेरी: घर्रर्र! वहिनीला ओढून उतरवलं, पुन्हा फेरी: चिडीचूप. पुन्हा बसवलं: घर्रर्र! असं चार वेळा.

"विज्ञान पुरावा मागतं ना?" महाराज छाती ठोकत म्हणाले. "हा घ्या! बाईच्या पोटातलं पाप आणि पृथ्वीच्या पोटातलं व्हायब्रेशन एकत्र आलं की चाक रडतं!"

माना डोलल्या. व्हायब्रेशन म्हटल्यावर शिकलेल्यांच्याही डोलल्या.

मग छडी निघाली. पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बोल! का खाल्लंस नवऱ्याला?" दुसरा मानेवर. तिसरा अडवायला वहिनीने हात वर केला, तर धाकट्याने तो हात धरून गाडीच्या दारात घातला आणि दार आपटलं. बोटं मोडल्याचं मला रस्त्यापलीकडे ऐकू आलं.

माझं डोकं फिरलं. रागाइतकीच लाजही होती त्यात. पंधरा दिवसांपूर्वी हीच वहिनी माझ्याकडे आली होती. "भाऊ, वळताना घरघरतंय हो." मी ट्रकखाली आडवा होतो. उठलोसुद्धा नाही. "बघू पुढच्या आठवड्यात," म्हणालो. मिस्त्रीने सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न मी विचारलाच नाही: कोणत्या बाजूला वळताना?

ते आठवलं आणि टाकीभोवतीच्या फेऱ्या डोळ्यांपुढे आल्या. वहिनी आत असली की टाकी डाव्या हाताला. वहिनी बाहेर असली की उजव्या हाताला. सगळ्यांची नजर बाईवर. गाडी कुठे वळतेय, हे बघतो कोण!

मी गर्दीत घुसलो. कोणीतरी कानशिलात वीट हाणली. रक्त डोळ्यात उतरलं, तरी ओरडलो, "मला बसवा गाडीत! मी तर कोणाला खाल्लं नाही ना?"

लोक हसले. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? धाकट्याने मला बसवलं आणि उजवीकडे फेरी मारली. आवाज नाही.

"आता डावीकडे फिरव," मी म्हणालो.

धाकट्याचा चेहरा पडला. "कशाला? झालं की!"

"फिरव की रे," स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, आम्ही त्यांना आजोबा म्हणतो, ते पुढे आले. "डावीकडे फिरवायला काय धाड भरलीय?"

फिरवावीच लागली. घर्रर्र! टाळ्या वाजवणारे हात जागीच थांबले. मग वहिनी स्वतः उठली, मोडका हात पदरात गुंडाळून गाडीत बसली. उजवीकडे फेरी: चूप.

"आता महाराज," आजोबा म्हणाले.

"आमचं आसन जमिनीवर असतं!"

दोघा ड्रायव्हरांनी महाराजांना उचलून आत कोंबलं. डावीकडे फेरी. महाराज चांगले भरभक्कम. गाडी आजवर कधी रडली नव्हती इतकी रडली.

"महाराज," आजोबांनी विचारलं, "तुम्ही कोणाला खाल्लंत?"

हशा पिकला आणि दुसऱ्याच क्षणी गर्दी तुटून पडली. तीच माणसं, तीच छडी. महाराजांचं नाक फुटलं, धाकट्याला केसांना धरून फरफटत नेलं, एकाने डोक्यात घालायला दगड उचलला. मी महाराजांवर आडवा पडलो आणि माझ्याही बरगड्यांत दोन लाथा बसल्या.

तेवढ्यात हॉर्न वाजला. वाजतच राहिला. वहिनी गाडीच्या खिडकीतून वाकून तो कोपराने दाबून धरून उभी होती.

"मला मारतानाही तुम्हाला अशीच खात्री होती!" ती ओरडली.

दगडवाल्याने दगड खाली टाकला. त्याला कुणाकडे बघवेना.

मी तिथेच जॅक लावला, पुढचं उजवं चाक उचललं. वरखाली हलवलं तर खडखडत होतं. हाताने फिरवलं तर घरघरत होतं. तोवर पोलीस आले, महाराजांना आणि धाकट्याला घेऊन गेले, आजोबांनी वहिनीला दवाखान्यात नेलं, पण गर्दीला मी हलू दिलं नाही. बेअरिंग काढून त्यांच्यासमोर ठेवलं. सील फाटलेलं, आत पाणी शिरून ग्रीस धुऊन गेलेलं, छर्रे, म्हणजे ज्यांवर चाक फिरतं त्या पोलादी गोळ्या, गंजून खडबडीत.

"गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकावर येतो," मी सांगितलं. "भार आला की हे छर्रे कडेवर घासतात. उजवीकडे वळली की भार उतरतो, आवाज बंद. धाकटा ही गाडी चालवून बघून हे शिकला आणि महाराजांना शिकवून आला. तुम्ही मात्र एका शब्दाने विचारलं नाही."

एकेकाच्या तळहातावर मी ते छर्रे ठेवले. हे तुमचं भूत, बघून घ्या म्हटलं.

बेअरिंग दोन तासांत बदललं. वहिनीच्या तीन बोटांना डॉक्टर तीन महिने सांगतात, आणि त्यातलं एक वाकायचं नाही ते नाहीच. तोवर तिची गाडी माझ्या दारात उभी आहे. रोज येताजाता ती मला दिसते आणि रोज मी स्वतःला शिव्या घालतो. तेव्हा बाबांनो, एवढंच करा: कोणी चमत्कार दाखवला की बोट दाखवेल तिकडे बघू नका, बाकी सगळीकडे बघा. एक प्रश्न विचारा, हात उगारण्याआधी विचारा. नंतर विचारून मोडलेलं बोट वळत नाही.