निरोप सांगण्याची पद्धत

बेलवर बोट ठेवण्याआधी फौजदारांनी टोपी काढून काखेत धरली, रुमालाने कपाळ पुसलं आणि रुमाल नीट घडी करून खिशात घातला. दोन पायऱ्या खाली उभ्या असलेल्या संशोधिकेला त्या घडीचा राग आला. जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबले होते. त्याआधी खाली जीपपाशी उभं राहून सावकाश पाणी प्यायले होते. दाराच्या आत एका बाईचा दिवस अजून नेहमीसारखा चालला होता, आणि हा माणूस रुमालाच्या घड्या घालत होता.

"मॅडम, ठरलंय ते लक्षात आहे ना?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"हो. मी फक्त बघायचं."

"बघायचं, पण जरा कमी. तुम्ही फार टक लावून बघता."

पोलीस घरच्यांना मृत्यूची बातमी कशी सांगतात, यावर ती विद्यापीठात पीएच.डी. करत होती. ठाण्यात हे काम जो तो टाळायचा, त्यामुळे ते बहुतेक वेळा या फौजदारांच्या गळ्यात पडायचं. निवृत्तीला आलेला शांत माणूस. बरोबरचे त्यांना 'निरोप्या' म्हणत. तिलाही ठाण्याने नाव ठेवलं होतं, 'अर्ध्या डॉक्टर'. "अर्ध्या डॉक्टर आल्या, आता मरायला हरकत नाही," असं कोणीतरी तिच्यासमोरच म्हणालं होतं आणि तीही हसली होती.

तिच्या प्रबंधाचा गाभा साधा होता. बातमी लगेच सांगावी, सरळ सांगावी, 'बरं नाही', 'लागलंय' असल्या शब्दांआड लपू नये. हे तिने नुसतं वाचलेलं नव्हतं. ती शाळेत असताना एका दुपारी मामा तिला वर्गातून घ्यायला आला. बाबांना जरा बरं नाही, म्हणाला. बसमध्ये त्याने तिला खिडकीची जागा दिली, वाटेत खाऊ घेऊन दिला. घराच्या कोपऱ्यावर माणसं दिसली तेव्हा तिच्या हातात तो खाऊ होता. त्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं, एक तिला सोडून. मामाला तिने पुढे कधीच माफ केलं नाही.

दार उघडलं. पस्तिशीची बाई, गळ्यात मापाची टेप, बोटात अंगुस्तान. मागे टेबलावर शाळेच्या गणवेशांच्या निळ्या कापडाचे तुकडे पडले होते. वर्दी बघताच तिचा चेहरा उतरला.

"बाबांचं काही झालं का? हॉस्पिटलमधून आलात?"

"नाही ताई. बाबा कोण, तुमचे सासरे?"

"हो. हार्टचं ऑपरेशन झालंय. त्यांच्यासाठीच डबा करतेय."

"त्यांचं काही नाही. आम्ही तिकडून नाही आलो. आत येऊ का?"

बाई बाजूला झाली. फौजदार आत गेले, एक स्टूल ओढून बसले आणि त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण आहे. कोणी नाही. शेजारी कोण असतं. एक काकू असतात, आत्ता असतील की नाही माहीत नाही. स्वयंपाकघरात झाकण खडखडत होतं.

"गॅसवर काही आहे वाटतं. बंद करून येता?"

बाई आत गेली. झाकणाचा आवाज थांबला, तरी ती आली नाही. नळ सुरू झाला, बंद झाला. संशोधिका दाराशी उभी होती. तिने वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं, मग परत पहिल्यावर. फौजदार जमिनीकडे बघत बसले होते, जणू त्यांना दिवसभर दुसरं काही कामच नव्हतं.

बाई ट्रेमध्ये दोन ग्लास पाणी घेऊन आली. फौजदारांनी एक घेतला. पाणी थंड आहे, म्हणाले. बाईने टेबलावरचे निळे तुकडे गोळा करायला घेतले, कडेला कड लावून, एकावर एक.

"शाळेचं काम वाटतं."

"हो. सुट्टी संपायच्या आत द्यायचंय."

"बसा ना ताई. राहू द्या ते."

"बसते. एवढं आवरते." आणि ती थोडं हसली.

संशोधिकेला ते हसणं सहन झालं नाही. खिडकीची जागा, हातातला खाऊ. आपण काय करतोय हे कळायच्या आत ती दोन पावलं पुढे आली.

"तुमच्या नवऱ्याचा मृत्यू झाला आहे," ती म्हणाली. "आज सकाळी. मोटारसायकलला अपघात झाला."

आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला, वर्गात धडा वाचावा तसा. बाईचे हात कापडावर थांबले. तिने संशोधिकेकडे पाहिलंही नाही. ती फौजदारांकडे वळली. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि मान हलवली.

"दुसऱ्या कोणाला लागलं नाही ना?" बाईने विचारलं. मग ती खाली बसली, खुर्चीवर नाही, होती तिथेच.

पुढचं सगळं फौजदारांनी केलं. शेजारच्या काकूंना आणलं, बाईच्या भावाला फोन लावून दिला. भाऊ येईपर्यंत ते दाराबाहेर उभे राहिले. मग ते दोघं जीपने परत निघाले. संशोधिकाच आधी म्हणाली,

"तुम्ही किती वेळ लावणार होतात?"

"त्यांना लागला असता तेवढा."

"पण तोवर तुम्ही खोटंच वागत होतात ना?"

फौजदारांनी गिअर बदलला. "तुमचं वाक्य बरोबर होतं, मॅडम," ते म्हणाले. "कागदावर आहे तसंच होतं." त्यात टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं. तिने पुन्हा पुन्हा आठवून बघितलं, पण आवाजात टोमणा नव्हता.

त्यानंतरचे आठवडे तिचा पाय कुठे ठरेना. ग्रंथालयात ती जागा बदलत राहायची. खिडकीशी ऊन यायचं, भिंतीशी पंखा लागत नसायचा. लिहायला बसली की उठून पाण्याची बाटली भरून आणायची, बाटली भरलेलीच असायची. तिच्या प्राध्यापिकेने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"तू निरीक्षक होतीस, मध्ये पडलीस. हे झाकता येणार नाही. पण त्या बाईशी नंतर बोललीस तर निदान कळेल की काय झालं. आपल्या या विषयात सगळे पोलिसांनाच विचारतात. ज्यांना सांगितलं जातं त्यांना कोण विचारतंय?"

तिने फोन केला तो बाई नाही म्हणेल या आशेवरच. बाई म्हणाली, "या ना. दुपारी या, बाबा झोपलेले असतात."

घर तेच होतं, फक्त निळ्या कापडाच्या जागी आता खाकी होतं. बाईने शिवणयंत्राजवळची खुर्ची मोकळी करून दिली. संशोधिकेने रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि परवानगी विचारली. मग प्रश्न विचारला, जो सगळ्यांना विचारायचा असं ठरलेलं होतं. "तुम्हाला बातमी कधी आणि कशी कळली, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?"

"दारातच कळली," बाई म्हणाली.

"दारात? पण दारात तर कोणी काही..."

"बाबांचं काही नाही, म्हणाले ना ते. मग उरलं कोण?" तिने कापडावरचा एक दोरा उचलला. "मी आत गेले, गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले. म्हटलं, अजून कोणी बोललेलं नाही. ग्लास पुसले. चांगले स्वच्छ होते, तरी पुसले. त्या फौजदारांना समजलं होतं की मला समजलंय. म्हणून गप्प बसून होते बिचारे. मी ठरवलं होतं, एवढं कापड आवरलं की मीच विचारायचं. माझ्या तोंडाने."

संशोधिकेने टेबलावरचा रेकॉर्डर उगाच सरळ केला.

"मग तुम्ही बोललात."

"मला वाटलं, तुम्हाला अंधारात ठेवताहेत. मला माफ..."

"नाही हो, राग नाही. कोणीतरी बोलणारच होतं." बाईने दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला. "पण माझं विचारायचं राहिलं."

आतल्या खोलीत खोकल्याचा आवाज आला. बाई पटकन पुढे झुकली.

"एक सांगायचं राहिलं. बाबांना अजून माहीत नाही. तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते, डॉक्टर म्हणाले, धक्का सोसणार नाही. तो कामासाठी लांब गेलाय असं सांगितलंय. तुम्ही शाळेकडून आलात, काय?"

सासरे भिंतीचा आधार घेत बाहेर आले. उंच, हडकलेले, शर्टाच्या वरच्या बटणाखाली टाक्यांची लाल रेघ. सुनेने ओळख करून दिली. शाळेच्या बाई आहेत, मापांचं बोलायला आल्यात. त्यांनी हात जोडले आणि समोर बसले. तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली. तयार कपडे न्यायला गिऱ्हाईक आलं होतं. सुनेने पिशवी उचलली, एकदा संशोधिकेकडे पाहिलं आणि ती जिना उतरून गेली.

सासऱ्यांनी टेबलावरच्या रेकॉर्डरकडे बोट केलं. त्याचा लाल ठिपका चालू होता.

"मापं घ्यायला आता हे लागतं का?"

संशोधिकेने घाईघाईने तो बंद केला. ते हसले.

"असू द्या. पोलिसांबरोबर तुम्हीच आला होतात ना? शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, चष्मेवाली एक मुलगी होती म्हणून. म्हणजे मला नाही सांगितलं. माझ्या कॉटशेजारी दुसऱ्या कोणाला तरी सांगत होत्या. मी झोपलोय असं समजून."

"म्हणजे तुम्हाला..."

"ते ऐकण्याच्या आधीच. तो रोज संध्याकाळी येऊन माझी दाढी करायचा. एक दिवस तो आला नाही, आणि मला भेटायला आलेला प्रत्येक जण हसत होता. आजारी माणसाला बघायला आलेले लोक इतके हसत नाहीत हो." त्यांनी जिन्याकडे कान दिला. "मुलगा मोबाइलचे टॉवर उभारायचा. आणि ही मला सांगते, तो आहे तिथे रेंज नाही. मी मान डोलावतो. दुसरं सुचलं नसेल पोरीला."

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही? दोघंही असे..."

"सांगून काय करू? ती दिवसभर यंत्रावर असते. माझ्यासमोर आली की तोंड पुसून येते. तेवढ्यापुरतं तिला रडायला मनाई आहे. ती एक मनाई काढून घेतली तर ती उभी राहील की नाही, मला माहीत नाही. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. तेव्हा मला कळेल." त्यांचा आवाज इथे जरा हलला. त्यांनी तो खोकल्यात घालवला. "तुम्ही शिकलेल्या आहात. तिला यातलं काही सांगू नका."

पावलं वाजली. सून आत आली, पिशवीची घडी घालत.

"काय ग," सासरे एकदम वेगळ्या, घरच्या आवाजात म्हणाले, "फोन आला होता का त्याचा?"

"नाही बाबा. रेंज नसेल."

"डोंगराळ भाग असेल."

"हो ना."

संशोधिकेला खुर्चीत बसवेना. पुढचे प्रश्न तिच्याजवळ होते, ते विचारायचं तिला भान नव्हतं. परत येईन, म्हणत तिने पिशवी खांद्याला लावली. सासऱ्यांनी पुन्हा हात जोडले. सून तिला सोडायला दाराबाहेर आली आणि दार मागे ओढून घेऊन हळूच म्हणाली,

"तुमचा एवढा अभ्यास आहे. काय वाटतं, आता सांगून टाकू का? रोज ठरवते. त्यांच्यासमोर गेले की जीभच वळत नाही."

तिच्या प्रबंधात याचं उत्तर होतं, चांगलं एक प्रकरणभर. संशोधिकेने कठडा धरला.

"तुम्हाला जमेल तेव्हा सांगा," ती म्हणाली.

"आणि सोसलं नाही तर?"

"सोसेल."

ती इतक्या लगेच, इतक्या खात्रीने म्हणाली की तिचं तिलाच ते ऐकू आलं. सून तिच्याकडे बघत राहिली. एका दारामागून दुसऱ्या दारापर्यंत जावं तसं काहीतरी तिच्या डोळ्यांत सरकत गेलं. संशोधिकेने नजर खाली वळवली आणि मग तीही चूकच झाली असं तिला वाटलं.

सून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. गळ्यातली टेप तिने काढली, हातात घेतली.

"बाबांना कधीपासून?" तिने विचारलं.

संशोधिका तिच्या शेजारी बसली. सुनेने पुन्हा विचारलं नाही.

आतून हाक आली. "अग, पाहुण्या गेल्या का?"

"नाही बाबा," सून म्हणाली. तिने तोंड पुसलं नाही. तशीच उठली आणि दार ढकलून आत गेली.