खालच्यांनी मानलेले आभार

प्रणिताच्या घरात हल्ली देवापेक्षा टीव्हीची बडदास्त जास्त होती, आणि त्याला कारणही तसंच होतं. तिच्या नऊ वर्षांच्या शेफालीची रक्तातली साखर काठावर आली होती. "तीन महिने पोरीला धावू दे, खेळू दे. नाही उतरली तर गोळ्या," डॉक्टर म्हणाले होते. आता धावायचं कुठे, हे काही डॉक्टर सांगत नाहीत! कोथरूडच्या त्या सोसायटीतलं पटांगण केव्हाच गाड्यांनी गिळलं होतं, आणि प्रणिता हिंजवडीच्या कंपनीतून घरी यायची आठ वाजता. तोवर पोर कामाला येणाऱ्या गोदाबाईंच्या हवाली.

शेवटी कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत गेलेल्या नवऱ्याने, संतोषने, तिथून टीव्हीला जोडायचा खेळ पाठवला. रिमोट हातात धरून जागच्या जागी धावायचं, उड्या मारायच्या, की पडद्यावरची बाहुली धावते. किती धावली त्याचा आकडाही येतो.

पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या श्यामसुंदर दामल्यांची चिठ्ठी दाराखालून आत सरकली. "आपल्याकडे उड्यांचे वर्ग सुरू झाल्याबद्दल अभिनंदन. आपली फरशी हे आमचे छत आहे, हे विद्यार्थ्यांस कळवावे." चिमटा काढल्याशिवाय या माणसाला जेवण जात नसावं! मूळच्या यवतमाळच्या प्रणिताने चिठ्ठी टराटरा फाडली. लेकीच्या जिवापुढे कुणाचं छत घेऊन बसलात?

रोज घरी आल्या आल्या ती चपलाही न काढता टीव्ही लावायची. आकडा वाढलेला दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. लगेच संतोषला मेसेज जायचा आणि रात्रीची जेवणं हसतखेळत व्हायची. आकडा घसरला की मात्र तिचा चेहरा उतरायचा, "असं कसं चालेल गं, बाळा?" नंतर नंतर आकडा असा काही चढत गेला, की तिने गोळ्यांची धास्ती जवळजवळ सोडूनच दिली.

फेरतपासणीला दोन दिवस उरले असताना जिन्यात दामले समोर आले. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून प्रणिताने मान खाली घातली.

"आभार मानायचे होते," दामले म्हणाले. "तीन आठवडे झाले, छतातून हूं की चूं नाही. मुलीला शिस्त लावलीत, बरं केलंत."

"अहो, पण ती रोज तासभर खेळते!"

"मग जमिनीला पाय न लावता खेळत असेल. तुमच्याकडे सगळंच आधुनिक."

लेकीला विचारावं, तर ती सरळ सांगेलच याची खात्री वाटेना. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती साडेचारलाच घरी पोचली आणि तिने आवाज न करता कुलूप उघडलं. गोदाबाई आत भाजी निवडत होत्या. शेफाली सोफ्यावर मांडी घालून बसली होती आणि रिमोट नुसता मनगटाने हलवत होती. पडद्यावरची बाहुली मात्र जिवाच्या आकांताने धावत होती.

"लबाड कुठली!" प्रणिता किंचाळली. "मला फसवतेस? माझं काय जातंय गं? गोळ्या कुणाला खायच्या आहेत?"

शेफाली उठली नाही. तिने रिमोट मांडीवर ठेवला.

"उडी मारली की डोळ्यांपुढे अंधारी येते, आई. छातीत खूप धडधडतं. मग बसावंच लागतं."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तू डॉक्टरांना सांगितलं असतंस. मग त्यांनी गोळ्या दिल्या असत्या."

प्रणिता तिच्याशेजारी टेकली. लेकीचे तळवे गार पडले होते. "कधीपासून होतंय असं?"

शेफालीने जरा विचार केला.

"तू खूश व्हायला लागलीस ना," ती म्हणाली, "तेव्हापासून."

फेरतपासणी उद्यावर असूनही प्रणिताने तिथेच बसून डॉक्टरांचा नंबर लावला.