पाचवा ठिपका

रेकॉर्डरूमच्या बाईला सगळं हॉस्पिटल वहिनी म्हणायचं. अँब्युलन्स चालवणारा ड्रायव्हर तिचा सख्खा दीर. तो तिला वहिनी म्हणून हाक मारायचा, आणि त्याचा आवाज असा खणखणीत की खालून मारलेली हाक तिसऱ्या मजल्यावर पोचायची. ऐकून ऐकून नर्सा म्हणायला लागल्या, मग कारकून, मग मोठे डॉक्टरसुद्धा.

वीस वर्षं तिनं पेशंटच्या फाईली सांभाळल्या. आता फाईली गेल्या आणि सगळं कंप्युटरात चढलं. चढल्यावर गोची निघाली. एकेका माणसाचे चार-चार नंबर. कोणी चिठ्ठी घरी विसरला की खिडकीवरचा कारकून जुना नंबर शोधायचा कंटाळा करायचा आणि नवा देऊन मोकळा व्हायचा. हॉस्पिटलच्या नोकरांची तर त्याहून मजा. वार्षिक तपासणीला दरवर्षी प्रत्येकाला नवाकोरा नंबर. म्हणजे कंप्युटरच्या लेखी एकच माणूस पाच वेळा जन्माला आलेला, आणि ते पाचजण एकमेकांना ओळखत नाहीत.

हे तुटलेले नंबर जोडायचं काम वहिनीच्या गळ्यात पडलं. शिकवायला कंपनीनं एक सॉफ्टवेअरवाली पाठवली. वहिनीचं शिक्षण आठवीपर्यंत, पण हे काम तिच्या अंगात असं भिनलं की जेवणाचा डबा उघडायचं भान राहिना. नंबर जोडले की त्या माणसाच्या रक्ताच्या जुन्या सगळ्या तपासण्या पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी उमटायच्या आणि त्यांच्यातून एक रेघ सळसळत जायची. शुगर चढली का उतरली, एका नजरेत कळतं.

"अगं, फाईलीत हे कधी दिसलंच नाही गं," वहिनी म्हणायची. "एका कागदावर माणूस नुसता उभा असतो. इथं चालताना दिसतो."

आठवड्यात तिनं दोनशेवर माणसं जोडली. जोडताना मधेच एक पिवळी पाटी यायची. पत्ता वेगळा आहे, फोन वेगळा आहे, पुढे जायचं का? वहिनी पहिल्या दिवशी वाचायची. तिसऱ्या दिवसापासून पाटी आली की माशी मारावी तसं 'ठीक आहे' दाबायची.

त्या दिवशी सकाळी सॉफ्टवेअरवाली म्हणाली, "आता ओळखीचं कोणीतरी जोडा."

"मग आमचे भाऊजीच घेते. बघू तरी अंगात रक्त आहे की नुसता चहा."

पाच वर्षांचे पाच नंबर. पिवळ्या पाट्या आल्या, वहिनीनं पटापट उडवल्या. पडद्यावर हिमोग्लोबिन उमटलं. पंधरा पॉइंट एक. चौदा पॉइंट सहा. चौदा. तेरा पॉइंट दोन. आणि मागच्या वर्षीचा पाचवा ठिपका, पंधरा पॉइंट आठ. सगळे हिरवे. कंप्युटर तेराच्या खाली गेल्याशिवाय लाल करत नाही.

वहिनीनं पाचव्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. उरलेले चार जिन्याच्या पायऱ्यांसारखे खाली चालले होते. तिनं अंगठा काढला, पुन्हा ठेवला. मग उठली आणि तडक मोठ्या डॉक्टरांना हाताला धरून घेऊन आली.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "वहिनी, पाचवा बघा की. वर आलाय. नसता आला तर मीच तुमच्या दिराला उचलून नेला असता. चार वर्षं हळूहळू उतरणं चांगलं नाही. पण आता सगळं ठीक दिसतंय."

डॉक्टर गेले. वहिनी बसली, पण तिला चैन पडेना. दोन पॉइंट सहा एका वर्षात वर? हा माणूस दुपारचं जेवण गाडीत उभ्या उभ्या उरकतो, त्याच्या अंगावर एवढं रक्त कुठून चढलं?

"मी आत्ता ज्या पाट्या उडवल्या," तिनं विचारलं, "त्या कुठं गेल्या?"

"कुठं जात नाहीत. सगळ्या नोंदून राहतात." सॉफ्टवेअरवालीनं एक कप्पा उघडला. वहिनी एकेक पाटी बोट ठेवून वाचायला लागली. शेवटची पाटी पाचव्या नंबरची. तिच्यावर लिहिलं होतं, रक्तगट जुळत नाही. आधी ओ, आता बी.

वहिनीनं ती ओळ पुन्हा वाचली. "मी न वाचता दाबलं गं."

"मशीनची चूक असेल."

"माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनला ह्याच माणसाचं रक्त चढलं. ओ आहे तो. माणसाचं डोकं फिरतं, रक्तगट फिरत नाही. हे पाचवं रक्त त्याचं नाही."

मग कोणाचं? मागच्या वर्षी तपासणीला बाहेरची माणसं आली होती. त्यांना ना कोणाचं तोंड माहीत ना नाव, टोकन दिलं की दंड पुढे करायचा. भाऊजींच्या मागे-पुढे रांगेत कोण असणार, ते सांगायला ज्योतिषी नको होता. वहिनी लिफ्टमध्ये शिरली. लिफ्टवाला धट्टाकट्टा, भाऊजींचा चहाचा जोडीदार. दार लागल्याबरोबर तिनं थांबायचं बटण दाबून धरलं.

"वहिनी, तिसऱ्यावर स्ट्रेचर उभं आहे."

"मग लवकर बोल. तुझा रक्तगट काय?"

"बी." एवढं बोलला आणि त्याचा चेहरा पडला.

"किती वेळा टोचून घेतलंस?"

"दोनदा. ते म्हणाले, सुईची भीती वाटते."

"त्यांना? मेलेली माणसं खांद्यावरून उतरवतात ते?"

लिफ्टवाल्यानं मान खाली घातली. "जिना चढताना दम लागत होता त्यांना. म्हणाले, काही निघालं तर गाडीची चावी काढून घेतील. 'चावी गेली तर मी काय करू, गाडी पुसू?' असं विचारलं त्यांनी. मला वाटलं, एका वर्षाचा प्रश्न आहे."

"अरे गाढवा, तुझं रक्त त्यांच्या नावावर हिरवं होऊन बसलंय." तिनं बटण सोडलं. "आत्ता कुठं आहेत ते?"

"पोर्चमध्ये. पेशंट चढवतायत. चार तासांची फेरी आहे."

वहिनीनं तळमजल्याची वाट पाहिली नाही. पहिल्यावरच उतरून जिन्यानं धावली. पन्नाशीची बाई, पायात सपाता, एक सपात जिन्यातच राहिली. पोर्चमध्ये अँब्युलन्सचं इंजिन सुरू झालेलं. ती सरळ बोनेटसमोर जाऊन उभी राहिली.

भाऊजींनी काचेतून डोकं काढलं. "वहिनी, बाजूला व्हा. आत पेशंट आहे."

"आत नाही, पुढे आहे. उतरा खाली."

"काय झालं? दादा बरा आहे ना?"

"दादा ठणठणीत आहे. तुम्ही उतरा."

तो इंजिन बंद करून चावीसकट उतरला. उन्हात पहिल्यांदाच तिनं त्याला नीट पाहिलं. रोज एका पंगतीला जेवणारा माणूस, आणि तोंड कधी कागदासारखं झालं हे तिला दिसलं नव्हतं. तिनं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत लालीचा पत्ता नव्हता.

"लिफ्टवाल्यानं सगळं ओकलंय," ती हळू म्हणाली. "आता माझ्यापुढे सुईचं नाटक करू नका."

"वहिनी, ही फेरी करून येतो."

"वाटेत चक्कर आली तर आतल्या माणसाचं काय? आणि तुमचं काय? चावी द्या."

त्यानं चावी मुठीत घट्ट धरली होती. वीस वर्षांत आपल्या पाळीत त्यानं ती कोणाला पुसायलासुद्धा दिली नव्हती. वहिनीनं हात पुढे केला आणि तसाच ठेवला. शेवटी त्यानं मूठ उघडली. दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर तोंडातला घास गिळत धावत आला, आणि पाच मिनिटांत गाडी रस्त्याला लागली.

भाऊजींचं रक्त घेतलं तेव्हा वहिनी शेजारी उभी होती. बाटलीवरचं नाव तिनं दोनदा वाचलं, नंबर तीनदा. मग रेकॉर्डरूममध्ये येऊन पडद्यासमोर बसली. तोवर वहिनीच्या निरोपावरून सॉफ्टवेअरवालीनं पाचवा ठिपका उचलून लिफ्टवाल्याच्या नावावर नेऊन ठेवला होता. पडद्यावर चारच पायऱ्या उरल्या होत्या. लॅबमधून आकडा आला आणि रेघ दगड पडावा तशी खाली गेली. आठ पॉइंट नऊ. लाल.

मोठे डॉक्टर जिना दोन-दोन पायऱ्या टाकत आले. "हा माणूस आतून गळतोय," ते म्हणाले. "कुठून ते शोधू. उद्या नाही, आज."

शोधलं. आतड्यात गाठ निघाली, लिंबाएवढी. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. वहिनी आणि तिचा नवरा बाहेरच्या बाकावर बसले होते, आणि लिफ्टवाला दर दहा मिनिटांनी लिफ्ट सोडून येत होता. गाठीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. डॉक्टर तो स्वतः घेऊन आले.

"आतड्याच्या भिंतीतच होती. बाहेर कुठं गेली नाही. सगळी निघाली. आणखी वर्षभर हा असाच गाडी फिरवत राहिला असता, तर मी हे वाक्य बोललो नसतो."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भाऊजी खाटेवरून म्हणाले, "चावी कधी?"

"हिमोग्लोबिन तेरावर आणा," डॉक्टर म्हणाले. "मग बोलू."

महिन्याभरानं भाऊजी काठी टेकत रेकॉर्डरूममध्ये आले. वहिनी मान खाली घालून त्या दोनशे माणसांच्या पिवळ्या पाट्या पहिल्यापासून वाचत बसली होती, एकशे चाळीसावर पोचली होती. ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि पडदा स्वतःकडे वळवला.

"माझं दाखवा."

तिनं दाखवलं. आजचा ठिपका दहा पॉइंट सात. अजून लालच, पण रेघेनं मान वर केली होती. भाऊजींनी ठिपक्याजवळ नाक नेऊन पाहिलं आणि बाही वर करायला लागले.

"उद्या परत घ्यायला सांगा."

"भाऊजी, विहिरीत पाणी झिरपायला वेळ लागतो. आता पंधरा दिवसांनी."

"आठ करा."

"पंधरा."

"दहा," ते म्हणाले, "आणि मी स्वतः चालत येतो."

"या," वहिनी म्हणाली, "पण लिफ्टनं."