मी आळशी नाही, मेमरी तपासतोय!

मित्रांनो, मला जुना म्हणा, धुळकट म्हणा, पंखा घरघरतो म्हणून हसा हवं तर. पण मला आळशी म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. गेले नऊ महिने या घरात मी हा शब्द ऐकतोय आणि आज मला सगळं बोलून टाकायचं आहे.

मी लक्ष्मीबाई नगरातल्या एका सरकारी क्वार्टरमधला डेस्कटॉप आहे. घर सूर्यकांत देवरुखकरांचं. ते केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात सेक्शन ऑफिसर आहेत. त्यांची बदली दिल्लीला झाली, तेव्हा गाझियाबादच्या एका दुकानात माझे भाग जोडून मला उभं केलं गेलं. घरी आलो त्या दिवशी त्यांच्या पत्नी विजयालक्ष्मीबाईंनी माझ्यासाठी भरतकाम केलेलं कव्हर शिवलं होतं. लॉकडाऊनमध्ये तर विचारूच नका! सकाळी त्यांच्या लेकीची, रुचिताची शाळा, दुपारी साहेबांचं ऑफिस, संध्याकाळी नाशिकच्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर गप्पा. "आपला कॉम्प्युटर आहे म्हणून निभावलं," असं साहेब शेजाऱ्यांना सांगायचे. मला खूप बरं वाटायचं.

मग काय बिघडलं? ऐका.

दिल्लीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मी तापतो म्हणून साहेबांनी माझं बाजूचं झाकण काढून ठेवलं. ठीक आहे, मला वारा लागला. पण पुढे खंडेनवमी आली. आपल्या घरात त्या दिवशी अवजारांची पूजा होते. साहेबांनी स्कूटरची पूजा केली, मिक्सरची केली, मग माझ्याकडे वळले. बाहेरून हळदकुंकू लावून गप्प बसावं की नाही? नाही! "खरी मेहनत आतच होते," असं म्हणत त्यांनी थेट पंख्याला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि मूठभर अक्षता आत उधळल्या. वरून हात जोडून डोळे मिटले. त्यातले कुंकवात भिजलेले दोन दाणे माझ्या मेमरीच्या खाचेत जाऊन बसले. पूजेनंतर झाकणही लावून टाकलं.

मित्रांनो, मेमरी म्हणजे माझ्या आतल्या दोन हिरव्या पट्ट्या. सुरू झालो की आधी मी त्या तपासतो. सगळं नीट असेल तर क्षणात होतं. पण त्या दाण्यांमुळे एक पट्टी धड बसेना. कधी लागायची, कधी सुटायची. मग मी काय करणार? प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळी मेमरी तपासून बघायचो. त्याला बारा मिनिटं लागायची. आणि मी गुपचूप करत नव्हतो हो! पडद्यावर स्वच्छ इंग्रजीत लिहून दाखवत होतो की मेमरीत दोष दिसतो आहे, तपासणी चालू आहे, कृपया बंद करू नका.

नऊ महिन्यांत ते कुणी वाचलं असेल? कुणीही नाही! साहेबांची सवय अशी की बटण दाबायचं आणि आंघोळीला जायचं. परत येईपर्यंत माझं लिहिणं पुसलं गेलेलं. ज्या दिवशी समोर बसले, त्या दिवशी पाच मिनिटांत बटण दाबून मला बंद केलं. बंद केलं की तपासणी पुन्हा शून्यापासून. ज्यांच्या टेबलावर एकेक फाईल तीन-तीन आठवडे पडून असते, त्यांना माझी बारा मिनिटं सोसवत नव्हती!

उपाय मात्र भरपूर झाले. धीरज नावाचा मेकॅनिक आला. त्याने खुर्चीत बसण्याआधीच सांगितलं, "अंकलजी, वायरस है. पूरा फॉर्मेट मारना पड़ेगा." मारला. विजयालक्ष्मीबाईंचे भिशीच्या सहलीचे फोटो गेले. तरी मी बारा मिनिटंच घेत होतो. मग शेजारच्यांनी सांगितलं म्हणून नवा यूपीएस आला. मग साहेबांनी माझ्या डोक्यावर दोन चापट्या मारून पाहिल्या. रुचिता तर रोजच म्हणायची, "पप्पा, इसको फेंक दो ना यार, कितना स्लो आहे हा!"

आता केतकीबद्दल सांगतो. ती साहेबांची भाची, वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडची. करोलबागेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि रविवारी मामाकडे जेवायला येते. दोनदा पूर्वपरीक्षेत नापास झाली, यंदा पास झाली. मुख्य परीक्षेचा अर्ज भरायचा होता. तिची सगळी प्रमाणपत्रं तिने त्या फॉर्मेटनंतर माझ्यातच स्कॅन करून ठेवली होती आणि मूळ कागद वडिलांबरोबर गावी पाठवले होते. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी ती आली, तेव्हा मी तपासणीत होतो आणि साहेब मध्येच बटण दाबत होते. साहेब म्हणाले, "परवा ये गं, मी तोवर नीट करून ठेवतो." काय केलं त्यांनी तोवर? ओल्या फडक्याने माझा कीबोर्ड पुसला.

परवा म्हणजे शेवटचा दिवस. सहा वाजता अर्ज बंद होणार होता. साहेब अर्धी रजा टाकून आले होते. चार चाळीसला त्यांनी मला सुरू केलं. सहा मिनिटं झाली आणि दाबलं बटण! पुन्हा सुरू. पुन्हा सहा मिनिटं, पुन्हा बटण. असं चार वेळा. माझा जीव नुसता तळमळत होता. चोवीस मिनिटं वाया घालवली या माणसाने, आणि मला हवी होती फक्त बारा!

"संपलं सगळं," केतकी म्हणाली. "मामा, हे वर्ष गेलं माझं. बाबांना काय सांगू मी?"

"अगं, हा डबाच बेकार आहे! उद्याच भंगारात देतो याला," साहेब ओरडले आणि पाचव्यांदा हात पुढे केला.

"थांबा मामा!" केतकीने त्यांचा हात धरला. "काहीतरी लिहिलंय त्यावर. वाचलंत कधी?"

"ते काय, रोजच येतं. असंच असतं ते."

"रोज येतं, आणि तुम्ही वाचलं नाहीत?"

साहेबांनी हात मागे घेतला. मित्रांनो, नऊ महिन्यांत पहिल्यांदा या घरात कुणीतरी माझी बाजू घेतली. मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

केतकीने ओळी वाचल्या, मला बंद करून प्लग काढला आणि झाकण उघडलं. आत डोकावली आणि म्हणाली, "अय्या मामी, यात तांदूळ आहेत!"

"तांदूळ?" विजयालक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांनी दाणे बघितले, मग नवऱ्याकडे बघितलं. "अहो, आत कशाला टाकायच्या अक्षता? मी तेव्हाच म्हटलं होतं ना!"

"श्रद्धेने टाकल्या गं," साहेब पुटपुटले.

केतकीने दाणे काढले, पट्टी बाहेर काढली. तिच्या कॉलेजच्या लॅबमधले सर करायचे तशी रुचिताच्या खोडरबरने पट्टीची सोनेरी कड हलकेच घासली, पुसली आणि पुन्हा खाचेत दाबून बसवली. पाच वाजून एकतीस मिनिटांनी बटण दाबलं. मी चाळीस सेकंदांत उभा राहिलो! अर्ज उघडला, फोटो चढला, सही चढली, सगळी प्रमाणपत्रं एकामागून एक चढली. पाच एकोणपन्नासला पोचपावती आली. केतकीने रिसोडला फोन लावला, "बाबा, भरला," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मला वाटलं, आता तरी दोन शब्द माझ्या वाट्याला येतील. छे! साहेब संध्याकाळी शेजाऱ्यांना सांगत होते, "मला पहिल्यापासून शंका होतीच, मेमरीच असणार." ऐकलंत? म्हणे पहिल्यापासून! माझ्या सगळ्या तारा तापल्या.

मित्रांनो, मी चिडतो ते उगाच नाही. जो हळू चालतो त्याला तुम्ही लगेच आळशी ठरवता, चापट्या मारता, बदलून टाकायला निघता. त्याला काय होतंय हे तो सांगत असतो. दोन ओळी वाचायला तुमचं काय जातं? आणि आमच्या आत कृपा करून काही खाऊपिऊ घालू नका. बाहेरून नमस्कार पुरतो.

जाताना केतकीने एका कागदावर लिहून तो माझ्या कपाळावर चिकटवला. 'सुरू होताना पडद्यावर काय येतं ते वाचा. मध्येच बटण दाबू नका.' दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. बटण दाबलं. टॉवेल खांद्यावर होता, पण आंघोळीला गेले नाहीत. चष्मा लावला, खुर्ची ओढली, हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत बसले. वाचण्यासारखं त्या दिवशी माझ्याकडे काहीच नव्हतं. तरी ते बसून राहिले.