गाणं उचलणारीचं नाव

आमच्या कॅसेटला बक्षीस मिळाल्याचं दत्तारामभाऊंनी चाळीच्या नळावरूनच ओरडून सांगितलं. मी बाळीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते. ती दचकून रडली, मी हसले, आणि दोघींच्याही तोंडावर साबणाचा फेस.

दत्तारामभाऊ माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. असल्फ्याच्या आमच्या चाळीतल्या गौरीच्या गाण्यांना तेच मृदंग वाजवतात. किती वर्षं ते कॅसेट कंपन्यांचे उंबरे झिजवत होते. शेवटी गेल्या गणपतीआधी एका कंपनीने आमची गाणी घेतली. कव्हरवर छापलं, 'दत्ताराम आणि पार्टी'. पार्टी म्हणजे आम्ही पाच बायका. तेव्हा बाळी माझ्या पोटात होती. मी सूर लावला की ती आतून लाथ मारायची.

आता कॅसेटवाल्यांच्या वर्षाच्या समारंभात, अंधेरीच्या मोठ्या हॉलमध्ये, आम्हाला लोकगीताचं पहिलं बक्षीस मिळणार होतं.

"आणि नावाचं कडवं?" मी विचारलं.

भाऊंचा चेहरा पडला. "सुगंधा, परत तेच नको गं काढू."

आमच्या फुगडीच्या गाण्यात शेवटी नावाचं कडवं असतं. जी गाणं उचलते, म्हणजे पुढे होऊन सुरू करते, ती खेळणाऱ्या एकेकीचं नाव घेते.

गौर विचारी, आली गो कोण?
लता आली, टाळी द्या दोन.

सगळ्यांची नावं झाली की उरते ती उचलणारी. तिने आपलं नाव आपण घ्यायचं नाही. ते बाकीच्या घेतात, आणि मग गाणं संपतं. तोवर ते संपलं असं कुणी म्हणत नाही.

रेकॉर्डिंगला कंपनीच्या चंद्रप्रकाशसाहेबांनी हात वर करून तिथेच थांबवलं होतं. "ये नाम-वाम काटो. नागपूरच्या बाईला तुमची लता कोण, शकु कोण, काय करायचंय?" शकुमावशीला तर त्यांनी माइकपासून लांब भिंतीकडे उभं केलं. आवाज घोगरा म्हणून. ही गाणी आम्हाला शिकवली तिनेच.

मी तेव्हा गप्प बसले. पण कॅसेट वाजायला लागली, प्रत्येक मांडवात वाजली, आणि दर वेळी ते गाणं आमच्या नावांच्या उंबऱ्याशी येऊन तुटायचं. माहेरी मी सुगंधा होते. इथे आले आणि अनंतची बायको झाले, मग वहिनी, आता बाळीची आई. ते सगळं मला आवडतं, नाही असं नाही. पण गौरीच्या दिवशी चौघीजणी माझं नाव गातात, ते मला हवं असतं. बाळीलाही ते ऐकू यायला हवं होतं.

"स्टेजवर गाऊ या की आपण ते," मी म्हटलं.

"स्टेजवर गायचंच नाहीये. कॅसेट लावणार, तुम्ही ओठ हलवायचे आणि फुगडी घालायची. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय."

"कॅसेट संपल्यावर?"

"संपल्यावर नमस्कार करून आत. सुगंधा, दुसरी कॅसेट काढायचं बोलतायत ते. वाट लावशील तू!"

मी बाळीला टॉवेलात गुंडाळलं. "भाऊ, मी गाणार. तुम्ही वाजवा किंवा नका वाजवू."

त्या रविवारी आम्ही हिरव्या साड्या नेसून बसने अंधेरीला गेलो. लता, रुक्मिणी आणि सुलक्षणाने वाटेतच ठरवून टाकलं, आपणही गायचं. शकुमावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गाणां अर्धा टाकू नये गो. गौर उपाशी ऱ्हवता."

विंगेत मी बाळीला पाजून अनंतकडे दिलं. त्याने तिला खांद्यावर टाकलं, पण कसा उभा राहिला म्हणता, जणू काचेचं सामानच हातात दिलंय.

"रडली तर?" त्याने विचारलं.

"रडू दे थोडं."

"आणि साहेब रडला तर?"

मला हसू आलं.

आमचं नाव पुकारलं. म्हणजे भाऊंचं पुकारलं. सोनेरी तबकडी लाकडी बैठकीवर बसवलेली, ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मग कॅसेट लागली. आम्ही गोल धरला, ओठ हलवले, फुगडी घातली. माझाच आवाज वरून, कर्ण्यातून येत होता आणि माझा गळा कोरडा, रिकामा. काय विचित्र वाटतं ते!

कॅसेट थांबली. टाळ्या पडल्या. निवेदक माइक घेऊन पुढे सरकला, आणि मी उचललं.

गौर विचारी, आली गो कोण?

माइकबिइक नव्हता. पण चाळीच्या अंगणात, कुकरच्या शिट्ट्यांवर आणि पोरांच्या आरडाओरड्यावर गायलेला गळा तो. रुक्मिणी आली. बायकांनी दोन टाळ्या दिल्या. लता आली. मागच्या रांगांतून कुणी तरी दोन टाळ्या दिल्या, आपलीच माणसं असणार कोकणातली. सुलक्षणा आली. आता अर्धा हॉल टाळ्या देत होता.

तेवढ्यात विंगेतून बाळी रडली. भुकेचं नव्हतं ते, मी ओळखते. आईला हाक होती. माझ्या छातीत कळ आली, पान्हा फुटला, हिरवं पोलकं ओलं झालं. पाय आपोआप विंगेकडे वळत होते. मी पदर ओढून घेतला आणि पाय जागी रोवले. 'थांब गं माझे बाय, दोनच नावं राहिलीत.'

भाऊंनी तबकडी जमिनीवर ठेवली आणि मृदंग पुढे ओढला. पहिली थाप पडली.

"शकु आली!" मी जीव खाऊन म्हटलं. पलीकडच्या विंगेत चंद्रप्रकाशसाहेब 'पडदा टाका' म्हणून हात हलवत होते. पडदा सुटला. लाल, धुळकट पडदा आमच्या नाकासमोर खाली आला आणि हॉल दिसेनासा झाला. बाहेर निवेदक पुढच्या बक्षिसाचं बोलू लागला.

माझं नाव राहिलं होतं. मला ते घेता येत नव्हतं. मी नुसती उभी राहिले, तोंड मिटून. लता पडद्याकडे बघत होती, रुक्मिणी माझ्याकडे.

मग तो घोगरा आवाज आला, भिंतीकडे उभा केलेला.

"सुगंधा आली!"

बाकीच्यांनी उचलून धरलं. पडद्याच्या आत आम्ही पायांनी जमीन हलवत ते कडवं पुरं केलं. बाहेर टाळ्या ऐकू आल्या, आम्हाला की पुढच्या गायकाला, देव जाणे. आमचं गाणं संपलं होतं.

मी धावत जाऊन बाळीला घेतलं आणि रंगवलेल्या झाडाच्या पडद्याआड खाली बसले. तिने घट्ट धरलं. साहेब तावातावाने आले, मला पाजताना बघून गर्रकन वळले आणि भिंतीशी भांडू लागले.

"ये क्या तमाशा? पुढची कॅसेट विसरा तुम्ही!"

"साहेब," भाऊ हळूच म्हणाले, "पब्लिकने टाळ्या दिल्या ना पण."

"मी तुमच्याशी नाही, बाईंशी बोलतोय!"

"बोलू या ना," मी म्हटलं. बाळीचे डोळे मिटत आले होते. "नावाच्या कडव्यासकट असेल तर गाईन, नाहीतर नाही. बाकीचं पण बोलू, कव्हरवर कुणाची नावं ते. आधी हिचं होऊ दे."

साहेब भिंतीकडे तोंड करून उभेच राहिले.