पानात भाजलेला घास

मित्रांनो, परंडा तालुक्यात सोनारीजवळच्या एका घरात माळ्यावर पालथी पडलेली मी लाकडी काठवट. सुताराने मला बाभळीच्या ओंडक्यातून कोरले, तेव्हापासून माझ्यातच पीठ मळायचे आणि माझ्यातच भाकरी थापायची. घरच्या कडूबाईंची भाकरी इतकी पातळ की गावभर तिचे नाव. त्याचा त्यांना भारी तोरा होता आणि खरे सांगते, मलाही होता.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. सोसायटीच्या दुकानातली ज्वारी संपली आणि मक्याचे पीठ आले. नेमकी त्याच वेळी सून मालनबाई बाळंतीण होती. पोटात अन्न नाही म्हणून तिचे दूध आटत चालले होते. तान्ही पोर भुकेने कळवळत होती.

कडूबाईंनी मका ज्वारीसारखाच गार पाण्यात मळला, ज्वारीसारखाच पातळ थापला. उचलताच भाकरीचे तुकडे होऊन चुलीत पडले. पुन्हा मळले, पुन्हा तेच. पीठ राखेत जात होते आणि माझा जीव तुटत होता.

"आत्याबाई, माझ्या माहेरी मक्याचं पानगं करत्यात," मालनबाई हळूच म्हणाली.

"मला भाकर शिकवतीस व्हय?" कडूबाई कडाडल्या.

आता एका गोळ्यापुरतेच पीठ उरले. कडूबाईंचा हात त्यावर येऊन थांबला. पोर रडायची थांबली होती आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"सांग बाई. पानगा म्हंजी काय?"

"नावातच हाय की. पानात भाजत्यात म्हणून पानगा. रानात तवा कुठला? ऊन पाण्यात मळा, जाड थापा, वर-खाली पळसाचं पान लावा. पान त्याला धरून ठिवतंय."

पण शिवारात हिरवे पान औषधालाही नव्हते. कडूबाई उठल्या. नातीच्या बारशाच्या पंगतीसाठी त्यांनी हौसेने लावलेल्या पळसाच्या पत्रावळी आढ्याला टांगल्या होत्या. त्यांनी त्या खाली ओढल्या, काड्या उपसल्या आणि वाळकी पाने पाण्यात भिजत घातली.

"पंगतीचं मागनं बघू," एवढेच म्हणाल्या.

निखाऱ्यावर पाने करपली, पण आतला पानगा अख्खा निघाला. सगळा मालनबाईने खाल्ला. मग रोज पीठ मिळेल तसे पानगे होऊ लागले आणि हळूहळू दूध उतरले. पोर पुन्हा खणखणीत रडली, तेव्हा मला हायसे वाटले. शेजारणी कृती विचारायला आल्या, तर कडूबाई म्हणायच्या, "माझ्या सुनंला इचारा."

बारशाला पत्रावळी नव्हत्या. बायकांनी एकेक पानगा तळहातावर घेतला.

मित्रांनो, आता मला तडा गेला आहे, माझे काही मागणे नाही. पण घासाला एखादे नाव का पडले, हे घरात विचारत जा. थोरांना विचारा, कालपरवा घरात आलेल्या सुनेलाही विचारा. कडूबाईंनी विचारायला आणखी थोडा उशीर केला असता, तर बारशाच्या दिवशी पाळण्यात कोण असते?