वीतभर वाकडी दुर्बीण

मी बोलतेय, छर्ऱ्याच्या बंदुकीवर बसवलेली दुर्बीण. नेम लागला की कौतुक बंदुकीचं आणि चुकला की बोलणी मला. आज माझंही ऐका जरा.

मी पार्सलमधून अमरावतीला आले ती नेमकी खंडेनवमीला. वकील कमलाकांत इथे नेमबाजीचा क्लब चालवतात. त्यांनी मला दोन कड्यांत धरून बंदुकीवर ठेवलं, स्क्रू अर्धे पिळले, तेवढ्यात त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई शस्त्रपूजेचं ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि वरून मूठभर अक्षता. त्यातला एक दाणा माझ्या मागच्या कडीत घुसला, आणि वकीलसाहेबांनी स्क्रू कचकचून आवळले. झालं! माझं तोंड कायमचं एका बाजूला. अहो, कडीतला तो तांदळाएवढा फरक दहा मीटरवरच्या निशाण्यापर्यंत जाईस्तोवर वीतभर होतो.

भातकुलीची रश्मी क्लबात शिकायला यायची. अकोल्याच्या स्पर्धेतून दुर्बिणीच्या गटात विभागाच्या संघासाठी एकच जण निवडायचा होता. संघात नाव लागलं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येईल, म्हणून पोरगी जिवाचं रान करत होती. आणि तिच्या वाट्याला आले मी! नेम धरावा मधोमध, छर्रा जावा वीतभर डावीकडे. तिनं नेम डावा-उजवा करायची माझी बाजूची गुंडी फिरवली. टक, टक, टक. वळता येईल तेवढी मी वळले, मग गुंडी अडली. वकीलसाहेब म्हणाले, आणखी फिरव. आता काय मान मोडून घेऊ?

रश्मीनं हळूच विचारलं, कड्या सोडून पाहायच्या का. वकीलसाहेबांना ते झोंबलं. आपण स्वतः बसवलेली, तीही पूजा करून, ती चुकेल कशी? मग दोष कधी पंख्याच्या वाऱ्याला, कधी पोरीच्या श्वासाला. मला सगळं ठाऊक होतं, पण काचेला आवाज कुठला?

रश्मीनं वाद सोडला आणि सरळ उजवीकडच्या, शेजाऱ्याच्या निशाण्याच्या कार्डावर नेम धरायला लागली. कार्डं वीतभर अंतरानंच टांगलेली. नेम शेजाऱ्याच्या कार्डावर, भोक स्वतःच्या कार्डाला! अकोल्यात ती अशीच अंतिम फेरीत पोचली.

तिथं चिठ्ठ्या टाकल्या आणि तिला उजवीकडची शेवटची जागा आली. तिच्या उजवीकडे पुढे कार्डच नाही. मलाच रडू यायला लागलं. मग तिनं मला जरा उजवीकडे वळवलं, तर भिंतीवर प्रमुख पाहुणे महादेवरावांचा भला मोठा फ्लेक्स. बरोबर वीतभर अंतरावर त्यांचं नाक, नाकावर तीळ. रश्मीनं श्वास रोखला, तिळावर नेम धरला. दहा गुण. पुन्हा तीळ, पुन्हा दहा. त्या फेरीत मी तिचं कार्ड धड पाहिलंसुद्धा नाही.

ती जिंकली, संघात नाव लागलं. ढाल देताना महादेवरावांनी मोठ्या थाटात विचारलं, "बेटा, नेम धरतानी तुले काय दिसून राह्यलं होतं?"

रश्मी खाली मान घालून म्हणाली, "साहेब, मले तं फक्त तुमचं नाक."

सगळा हॉल हसला, महादेवराव सगळ्यांत मोठ्यानं. वकीलसाहेब मात्र शेजारच्यांना पूजेचं फळ समजावून सांगत होते.

आता पोरीला संघातून मोठ्या स्पर्धेला जायचंय. तिथं भिंतीवर नाक असेलच याचा काय भरवसा? बाप्पा हो, तिच्यासाठी तरी कोणी माझी कडी सोडा. गुंडी कितीही पिळा, बसवणाऱ्याची चूक माझ्यानं निस्तरत नाही.